मधला टेका

नोटीस नळाच्या खांबाला चिकटवली होती. वस्तीत खोल्या एकतीस आणि नळ एक, तेव्हा सगळे तिथे येणारच हे चिकटवणाऱ्याने बरोबर हेरलं होतं. सकाळी बादल्या-डब्यांची रांग लागली. रांगेतली पहिली बाई पाणी भरायचं सोडून कागदाकडे बघत राहिली, म्हणून मागच्यांनी आधी तिला चार शब्द सुनावले आणि मग त्याही तशाच बघत उभ्या राहिल्या. छापील अक्षर धड कुणालाच लागेना. शेवटी शिंप्याला बोलावलं. शिंपी असा, की सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवायचा, पण कागद म्हटला की चष्मा हवाच. कुणीतरी परत जाऊन त्याचा चष्मा आणला.

"बुधवारी सकाळी दहा वाजता," शिंप्याने घसा साफ केला, "सदर जागेवरील सर्व छपरे व भिंती यंत्राने पाडण्यात येतील, आणि पडलेले साहित्य उचलून नेण्यात येईल."

"आणि मोजणी शुक्रवारी," वहिनी म्हणाली.

 पाणी बादलीतून सांडत राहिलं.

मोजणीचं सगळ्यांना माहीत होतं. शुक्रवारी शहराची माणसं येऊन खोल्या मोजणार होती. त्या दिवशी ज्याचं छप्पर उभं दिसेल त्याचं नाव यादीत चढणार, आणि यादीत नाव चढलं की दुसरी खोली दिल्याशिवाय त्याला कुणी हलवायचं नाही, असा ठराव झाला होता. ज्याचं छप्पर त्या दिवशी दिसणार नाही, तो माणूस तिथे कधी राहिलाच नव्हता असं धरायचं. आता मोजणी शुक्रवारी आणि यंत्र बुधवारी, हा काही योगायोग नव्हे, एवढं कळायला चष्मा लागत नव्हता.

वहिनी ही सेंट्रिंगवाली. स्लॅब ओतायच्या आधी खालून जो लाकडाचा साचा उभा करतात, प्लायवूड, फळ्या, आधाराचे टेके, पाचरी, ते तिचं काम. नवरा दूरच्या शहरात पुलाच्या कामावर, दोन महिन्यांतून एकदा यायचा. इथे बारा माणसांची टोळी तीच चालवायची. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी, धाकट्या दिराची. पण दीर दिवसातून चाळीस वेळा हाक मारायचा, ती ऐकून ऐकून अख्ख्या वस्तीची झाली. तिच्याहून वयाने मोठी माणसंही वहिनीच म्हणत.

वस्तीच्या पलीकडच्या पाच इमारती यांनीच उभ्या केल्या होत्या. शेवटच्या इमारतीला रंग लागला आणि तिच्या गच्च्यांमधून खाली या खोल्या दिसायला लागल्या. हे दिसणं कुणाला तरी खुपलं असणार.

अशी उठवाउठव वहिनीने याआधी चार वेळा पाहिली होती. इमारत पुरी होते आणि पायथ्याची माणसं पुढे ढकलली जातात, दर वेळी शहराच्या आणखी बाहेर. शेवटच्या वेळी यंत्राने तिच्या डोळ्यांदेखत खोली चिरडली होती. खोली गेल्याचं तिला तेवढं लागलं नव्हतं जेवढं प्लायवूडचं लागलं. चांगलं जाड प्लाय, दहा वर्षं जपलेलं, आणि तो दात्यांचा पंजा त्यातून असा गेला की जसं काही पापडातून. साहित्य राहिलं नाही म्हणून मग पुन्हा उभं राहायला दीड वर्ष गेलं. सासूबाई त्या दीड वर्षात, ताडपत्रीखाली गेल्या. हे वहिनी कधी बोलून दाखवायची नाही, पण नोटीस ऐकताना तिच्या डोळ्यांपुढे ती ताडपत्रीच होती.

संध्याकाळी सगळे आबांच्या खोलीपुढे जमले. आबा म्हणजे वहिनीचे सासरे, जुने मिस्त्री. वस्तीतल्या निम्म्या सेंट्रिंगवाल्यांना हातोडा धरायला त्यांनीच शिकवलेलं. दोन्ही डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार उरला होता, तरी वाकडा खिळा ऐरणीवर सरळ करायला त्यांच्याकडेच यायचा. ठोकताना गुणगुणायचे. नाव देवाचं, ताल हातोडीचा. देवाला तो ताल आवडत असावा, कारण त्यांचं बोट कधी ठेचलं नाही.

सगळ्यांचं बोलून झालं. लोखंड बांधणारा म्हणाला आडवे पडू. चहावाली म्हणाली, तू पड, तुझं वजन बघून यंत्र परत जाईल. कुणी म्हणालं मोठ्या साहेबाला भेटू. कोणत्या, ते त्यालाही सांगता येईना. आबा खिळा ठोकत होते. थांबले.

"यंत्र काय करतं?" त्यांनी विचारलं.

"पाडतं, आबा."

"आणि आपण आयुष्यभर काय केलं?"

 वहिनी पायरीवर ताठ बसली. "खोललं," ती म्हणाली. "बांधलं आणि खोललं."

"मग त्याला पाडायला ठेवता कशाला?"

एवढंच बोलणं. बाकीचं वहिनीने मांडलं. बुधवारी सगळ्यांनी कामावर खाडा करायचा. पहाटे सुरुवात करायची आणि दहाच्या आत एकतीस खोल्या खोलून ठेवायच्या, स्लॅबखालचा साचा खोलतात तशा. एक फळी चिरली जाता कामा नये, एक खिळा मातीत जाता कामा नये. प्रत्येक फळीवर खिळ्याने खोलीचा आकडा आणि बाजूची खूण ओरखडायची. यंत्र येईल तेव्हा पाडायला काही नसेल. यंत्र गेलं की पुन्हा बांधायचं.

"आणि ते परत आले तर?" दिराने विचारलं. दीर गिलाव्याचं काम करायचा. भिंत एकदा गुळगुळीत केली की ती तशीच राहावी, असं वाटणारा माणूस.

"तर परत खोलू."

"किती वेळा, वहिनी?"

"भाऊजी, शुक्रवार किती लांब आहे ते मोजा आणि झोपा."

बुधवारी पहाटे फटफटायच्या आत हातोड्या वाजायला लागल्या. कुणी ते पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे काही नवीन उभं राहतंय. आधी पत्रे उतरले. मग आढ्याच्या आडव्या बल्ल्या, मग भिंतींचं प्लाय. जंबुरांनी खिळे चर्र करून निघत होते आणि डब्यांत पडत होते. शिलाई यंत्र, गाद्या, भांडी, पाळणा, सगळं ताडपत्रीवर आलं. चार टोळ्या होत्या, चारही आबांच्या हाताखालच्या. बायका फळ्या वाहत होत्या, शिंपी एकेका थप्पीवर खडूने आकडे लिहीत होता, आणि आबा मधोमध बादली पालथी घालून बसले होते. नुसत्या आवाजावरून सांगत होते. "सातव्यात कुणी घाई करतंय. प्लाय फाटेल. आधी खालचा खिळा."

पावणेदहाला जमीन दिसायला लागली. चुलींच्या जागी काळे ठिपके, पलंगांच्या विटांचे चौकोन. आणि इतक्या वर्षांत प्रथमच वस्तीच्या या टोकावरून त्या टोकाचं माणूस दिसत होतं. चहावाली म्हणाली, "अगबाई, केवढं मोठं अंगण आपलं." लोकांना हसू आलं.

आबा उठले, हात पुढे करून आपल्या खोलीच्या जागेकडे चालायला लागले. सवयीने अकरा पावलं टाकली. बाराव्याला हात लाकडावर आपटला.

ते थांबले. लाकूड खालून वर चाचपलं. "सूनबाई," ते म्हणाले, "हा कुणी ठेवला?"

वहिनीने वर पाहिलं. तिच्या खोलीच्या मधोमध, आढं ज्याच्यावर तोललेलं असायचं तो टेका अजून उभा होता. शेजारच्या खोलीच्या मधोमध उभा होता. त्यापलीकडेही. भिंती गेल्या होत्या, पत्रे गेले होते, आणि उघड्या जमिनीवर एकतीस टेके, जसे कवायतीला उभे असावेत तसे, सरळ ओळींत उभे होते.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. स्लॅबखालचा साचा खोलताना सगळे टेके एकदम काढायचे नाहीत, हा सेंट्रिंगवाल्याचा पहिला धडा. कडेचे काढा, प्लाय काढा, पण मधला राखा. ओलं काँक्रीट आठवडाभर त्याच्यावर विसावतं. मधला काढला तर स्लॅब माणसांवर येतो. आबांनी हे प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवलेलं, आणि हातांनी ते इतकं मनावर घेतलं होतं की वर स्लॅब नाही, पत्रा होता आणि तोही उतरलाय, हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. चार टोळ्या, एकतीस खोल्या, आणि एकाने म्हणून मधल्याला हात लावला नव्हता.

"गाढवांनो," आबा म्हणाले. पण चेहऱ्यावर राग बसेना.

"पहार आणा," वहिनी ओरडली. टेके दोन फूट जमिनीत, दगड ठासून पुरलेले. पहिल्याच्या बुडाशी पहार लागते न लागते तोच कोपऱ्यावर यंत्राचा घरघराट ऐकू आला. मागे रिकामा ट्रक, त्याच्या मागे जीप.

जीपमधून साहेब उतरला. उन्हाची टोपी, काखेत फाइल, चेहरा असा की याच्या आधी दुसऱ्या ठिकाणी जाऊन आलाय आणि नंतर तिसऱ्या ठिकाणी जायचंय. त्याने मोकळ्या जागेकडे पाहिलं, थप्प्यांकडे पाहिलं, गाद्यांवर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. रडारड, दगडफेक, सगळ्याची तयारी करून आला असणार. याची नव्हती.

"हे काय?"

"तुमचं काम हलकं केलं, साहेब," चहावाली म्हणाली.

साहेबाने टोपी मागे सरकवली. मग त्याच्या लक्षात आलं की हे त्याच्या फायद्याचंच आहे. फाइलमधून एक कागद निघाला. "चांगलं केलंत. यावर सह्या करा. आम्ही स्वखुशीने जागा मोकळी केली, एवढंच आहे. मग हे सामान तुमचं. ट्रकला हात लावू देणार नाही मी. जिथे न्यायचं तिथे न्या."

कागद हातोहात वहिनीपर्यंत आला. शिंप्याने तो वाचून दाखवला. साहेब खोटं बोलला नव्हता.

"करून टाका, वहिनी," दीर हळूच म्हणाला. त्याच्या कपाळावर प्लायचा भुसा चिकटला होता. "फळ्या तरी हातात राहतील. मागच्या वेळेसारखं नको. आईचं आठवतं ना."

आठवतं ना. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचा राग आला नाही. तोही त्याच ताडपत्रीकडे बघत होता, फक्त दुसऱ्या बाजूने. सही केली तर लाकूड वाचतं आणि शुक्रवारी यादीत आपण नाही. नाही केली तर कदाचित दोन्ही जातं. तिचा अंगठा नुसता दाबायचा होता, एवढंसं काम.

"भाऊजी, फळ्या घेऊन जायचं कुठे?" तिने विचारलं.

दीर थप्प्यांकडे बघायला लागला.

वहिनीने कागदाची घडी घातली आणि साहेबाच्या हातात दिली. "यात खुशी लिहिलीय. ती आमच्याकडे नाही. दुसरं काही लिहून आणलं असेल तर दाखवा."

"बाई, समजून घ्या. सही नसेल तर मला सामान उचलावं लागेल."

"वाचा हो त्यांना," वहिनी शिंप्याला म्हणाली.

शिंप्याने नोटीस पाठ केली होती, तरी चष्मा लावला. "छपरे व भिंती पाडण्यात येतील, आणि पडलेले साहित्य उचलून नेण्यात येईल. साहेब, यातलं एकही पडलेलं नाही. मी स्वतः आकडे घातलेत, बघा ना, किती नीट रचलंय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेबाने हसणाऱ्याला शोधलं नाही. फोन काढला, उंच धरला, मोकळ्या जागेचा फोटो घेतला. बघितला. पुन्हा घेतला. दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा घेतला. जिकडून घ्यावा तिकडून टेके येत होते. 'जागा मोकळी' असं खाली लिहायचं, आणि वर हे एकतीस खांब.

"हे काढा," तो म्हणाला.

मघाशी वहिनी तेच काढायला निघाली होती. पहार अजून तिच्या काखेत होती. आता तिने ती खाली टाकली, आणि ती पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"नाही काढत."

"काय?"

"छपरं काढली. भिंती काढल्या. कागदात तेवढंच होतं. हे राहणार."

साहेबाने यंत्रावरच्या माणसाला हात केला. यंत्राने धूर सोडला, पंजा वर झाला, आणि ते थप्प्यांना वळसा घालून पहिल्या ओळीकडे यायला लागलं.

वहिनी चालत गेली. धावली नाही. आपल्या टेक्याला पाठ लावून उभी राहिली. त्या लाकडावर तिचा आरसा टांगलेला असायचा, त्याचा खिळा तिच्या डोक्याच्या वर होता.  शेजारच्या टेक्याला चहावाली जाऊन टेकली. मग लोखंड बांधणारा. त्याचा टेका त्याच्यामागे दिसेनासा झाला. मग माणसं उठतच गेली. घोषणा नाही, हात वर करणं नाही; जो तो आपल्या खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला, कामावरून येऊन दमलेलं माणूस टेकतं तसा. आबांना कुणी हात दिला नाही, त्यांना लागतही नव्हता. ते सुनेच्या टेक्याला दुसऱ्या बाजूने पाठ लावून खाली बसले आणि गुणगुणायला लागले.

तीन टेके रिकामे राहिले. त्या खोल्यांतल्यांना सुट्टी मिळाली नव्हती. यंत्र त्यातल्याच एकाकडे वळलं. वहिनीला पंजा खाली येताना दिसला आणि त्याच्या आड भुशाने भरलेलं एक कपाळ दिसलं. दीर त्या टेक्याला मिठी मारून उभा होता, डोळे गच्च मिटून. मागोमाग शिंपी दुसऱ्याकडे गेला, टेप अजून गळ्यात. तिसऱ्यापाशी एका लेकुरवाळीने पाळणा नेऊन ठेवला आणि स्वतः पुढे उभी राहिली.

पंजा हवेत थांबला. मग यंत्रच बंद झालं. यंत्रवाला खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने एकतीस टेक्यांना टेकलेली माणसं पाहिली, आणि चहावालीला म्हणाला, "मावशी, प्यायला पाणी मिळेल का?"

"तू उतरलास कशाला?" साहेब पुढे आला.

"मला छपरं आणि भिंती सांगितल्यात, साहेब. दाखवा कुठाय, पाडतो. माणूस टेकलेलं लाकूड माझ्या कागदात नाही." त्याने ग्लास वरून तोंडात ओतला. "आणि खरं सांगू, आमच्या वस्तीत पुढच्या मंगळवारी पाडणं आहे. मी दुसऱ्याच कुठेतरी ड्यूटीवर असेन. कोण पाडेल कुणास ठाऊक." मग वहिनीकडे वळून, जरा आवाज उतरवून, "ताई, हे फळ्यांवर आकडे टाकायचं, ते डावीकडून सुरू करायचं का?"

"दारापासून," वहिनी म्हणाली. "दाराची उजवी बाजू एक."

साहेबाने फोन लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. साहेबाच्या वाट्याला फक्त "हो सर" आणि "नाही सर, खांब, सर" एवढंच आलं. ट्रक बाराला दुसरीकडे हवा होता. शेवटी त्याने फाइलीवर काहीतरी लिहिलं. शिंप्याने मान लांब करून पाहिलं. छपरे व भिंती आढळून आल्या नाहीत, असं होतं. सही कुणाचीच नव्हती.

ट्रक वळत होता तेव्हा वहिनी टेक्यापासून सुटली. पाठीला लाकडाचा उबारा लागला होता. "चला," तिने टोळीला हाक दिली, "एक नंबर."

"वहिनी, ते जाऊ तर द्या," दीर म्हणाला.

"कशाला? चोरी आहे का?"

आणि साहेब जीपच्या दारापाशी उभा असतानाच पहिलं प्लाय उभं राहिलं. टेका जागेवर होता, म्हणून मापं घ्यायला दोरी लागली नाही. टेक्यापासून पाच फूट इकडे, पाच फूट तिकडे, भिंत तिथेच. आकड्याला आकडा लागत गेला. सकाळी जे खोलायला पाच तास लागले, ते उभं राहायला चारसुद्धा लागले नाहीत. आबा खिळे पुरवत होते आणि ज्याचा हात चुकेल त्याला नावाने शिव्या घालत होते. दिराने कुणी न सांगता कामावर गेलेल्या त्या तिघांच्या खोल्या उभ्या केल्या. एकीचं दार उलटं लागलं, ते पुढे बरेच दिवस बाहेरच्या बाजूला उघडायचं.

साहेब निघता निघता म्हणाला, "उद्या पुन्हा येईन मी."

"या," वहिनी म्हणाली. तोंडात खिळे धरलेले, म्हणून शब्द दातांतून आले. "दहालाच या पण. आधी आलात तर आमचं खोलून व्हायचं असतं."

तो गुरुवारी आला. दहाला आला. एकतीस टेके उभे होते, या वेळी जाणूनबुजून ठेवलेले, आणि प्रत्येकाला एक माणूस टेकून बसला होता. कुणी भाजी निवडत होतं, कुणी दाढी करत होतं. यंत्रवाला नवा होता, पण तोही खाली उतरला. साहेबाने जीपमधूनच कालचंच वाक्य पुन्हा लिहिलं. दुपारी पत्रे चढले.

शुक्रवारी मोजणीवाली आली. तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी आणि मापाची पट्टी. पहिली खोली वहिनीची. तिने दार मोजलं, भिंत मोजली, फळ्यांवरच्या ओरखड्यांवर बोट फिरवलं आणि जमिनीतल्या ताज्या मातीकडे बघून जरा घुटमळली.

"हे बांधकाम कधीचं?" तिने विचारलं.

दीर वहिनीकडे बघायला लागला. चार वर्षांचं सांगावं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"काल दुपारचं," वहिनी म्हणाली. "त्याआधी परवा दुपारचं होतं. आज दहाला कुणी आलं तर संध्याकाळचं होईल."

मुलीची लेखणी थांबली. "मग मी काय लिहू?"

"छपराचं काय हवं ते लिहा. आणि त्याच्याखाली माणसं लिहा. तीन. इथे चार वर्षं, या शहरात एकोणीस." वहिनीने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली. "आत या, आबांना विचारा हवं तर. समोरच्या पाचही इमारतींचे स्लॅब त्यांच्या हातचे आहेत. स्लॅबांच्या तारखा त्यांना पाठ आहेत."

मुलगी चप्पल काढून आत गेली, टेक्याला पाठ लावून उभी राहिली आणि लिहायला लागली.